दासगावचा हिशेब : सुट्टी, प्रवास आणि कुटुंबाचे आरोग्य



परीक्षा संपल्या की वस्तीत सहलीचे बोलणे सुरू होते. कुणी गोव्याची गाडी ठरवतो, कुणी बुद्धगया-सारनाथच्या यात्रेचे पैसे भरतो, कुणाच्या मोबाईलवर थायलंडच्या सहलीची जाहिरात येते. माणसाने फिरावे, नवे मुलूख पाहावेत, यात वाईट काही नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर बांधून ठेवले होते, त्याने मोकळेपणाने प्रवास करणे हीसुद्धा एक मिळकत आहे. पण आरोग्याच्या या पानावर आम्हांला एक प्रश्न विचारायचा आहे. सुट्टीवरून परतल्यावर घर ताजेतवाने होते, की आजारी आणि कर्जबाजारी होते?

गेल्या काही वर्षांनी आपल्याला शिकवले आहे की प्रवास ही भरवशाची गोष्ट राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये रेल्वे, एस.टी., विमान सगळे एका झटक्यात थांबले. मुंबईत अडकलेले कोकणातले कितीतरी चाकरमानी महामार्गाने पायी गावाकडे निघाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करा, असे आवाहन झाले आणि समाजाने ते पाळले. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात आंदोलन पेटले, काठमांडूचे विमानतळ बंद झाले आणि बाहेरून गेलेले प्रवासी अडकून पडले. अशा काळात सुट्टीचा विचार कसा करावा? याचे एक उत्तर आपल्या दासगावच्या बंदरातच सापडते.

पद्मावती बोट आणि पाच मैलांची वाट

डिसेंबर १९२७. महाडला सत्याग्रह परिषद भरायची होती. बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी २४ तारखेला ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि २५ तारखेला दुपारी सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदरात उतरले. मुंबईहून महाडला येण्याची दुसरी वाटही होती. बोटीने धरमतरला उतरायचे आणि पुढे मोटारीने यायचे. ती वाट सोडून दासगावची का निवडली? कारण मोटारवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार टाकला असता, तर धरमतरहून महाड गाठणे अवघड होते. दासगाव महाडपासून अवघे पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. एकही वाहन मिळाले नाही तरी माणसे पायी पोहोचू शकत होती. तसेच झाले. दासगावहून सत्याग्रही रांगेने महाडला चालत गेले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

हा निर्णय आपण इतिहास म्हणून वाचतो. आम्ही तो प्रवासाचा नियम म्हणूनही वाचायला सांगतो. ज्यांनी ती वाट ठरवली त्यांनी आधी वाईटात वाईट काय होईल ते धरले आणि मगच तिकीट काढले. वाहन, ओळख, पैसा यांपैकी काहीच उपयोगी पडले नाही, तर आपल्या पायांच्या बळावर काय जमेल? यालाच आम्ही ‘दासगावचा हिशेब’ म्हणतो. आज तो तीन प्रश्नांत मांडता येईल.

१. ठरलेली गाडी बंद पडली, तर घरी परतायची दुसरी वाट आहे का?
२. परतायला दोन-तीन दिवस जास्त लागले, तर घरातल्या रुग्णाचे औषध पुरेल का?
३. तेवढी हजेरी बुडाली, तर बचत गटाचा हप्ता आणि घरातले धान्य सांभाळले जाईल का?

तिन्ही प्रश्नांना ‘हो’ असेल तर खुशाल लांब जावे. एकालाही ‘नाही’ असेल तर तूर्त जवळची सुट्टी बरी.

प्रवासात पहिला प्रश्न पाण्याचा

आपल्या लोकांच्या प्रवासात पाण्याचा प्रश्न पहिल्यापासून आहे. १९०१ साली बाबासाहेब लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे गोरेगावला निघाले. वडील तिथे, सातारा जिल्ह्यात, नोकरीला होते. रेल्वेने ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. निरोप न पोहोचल्याने न्यायला कुणी आले नव्हते. जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून त्यांना जावे लागले. जवळ जेवण होते, पण पाणी कुणी दिले नाही, म्हणून रात्री उपाशी झोपावे लागले. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले, तेव्हाही वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्यावरून वाद झाला. आणि मार्च १९२७ ची महाडची परिषद? चवदार तळे गावात भरलेले असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले.

ती अडवणूक मोडण्यासाठीच २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. आज पाणी मागायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण प्रवासात बरेच आजार अजून पाण्यातूनच येतात, हे विसरून चालणार नाही. म्हणून आरोग्याचा पहिला धडा : पाणी घरून न्यावे. उकळून गार केलेले, झाकणाच्या स्वच्छ बाटलीत, एका दिवसासाठी माणशी निदान दोन ते तीन लिटर. गाडीवरचा बर्फ, कापून ठेवलेली फळे, उघडे सरबत मुलांना देऊ नये. जुलाब लागले तर ओ.आर.एस.ची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये, मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. जुलाबात रक्त दिसले, मूल सुस्त पडले किंवा लघवी बंद झाली तर थेट दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात थांबणे हीही शिकवण

भगवान बुद्ध आणि भिक्खुसंघ वर्षातला बराच काळ चारिका करीत. पण पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम त्यांनी घालून दिला. तोच आपला वर्षावास, आषाढ पौर्णिमेनंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत. पावसात फिरणारे भिक्खू कोवळी पिके आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती, म्हणून हा नियम झाला. त्यातही कुणी आजारी असेल किंवा तातडीचे काम असेल, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा ठेवली. नियम आहे, पण आंधळा नाही.

महाड-पोलादपूरच्या माणसाला या नियमाचे शहाणपण वेगळे सांगायला नको. तरीही चार तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

२५-२६ जुलै २००५ : अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. घरेच्या घरे गाडली गेली.
२ ऑगस्ट २०१६ : महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकाळातला पूल रात्री वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या.
२८ जुलै २०१८ : दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरच्या सहलीला जाताना पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली. बसमधला एकच वाचला, बाकी सगळे गेले.
२२ जुलै २०२१ : तळिये गावावर दरड कोसळली. त्याच सुमारास महाड शहर पुराच्या पाण्यात होते.

चारही घटना जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांत घडल्या. प्रत्येकीचे कारण वेगळे असेल, पण काळ एकच. आणि नेमक्या याच दिवसांत ‘धबधबे पाहायला चला’ म्हणून तरुण मुले दुचाकी काढतात. आम्ही कळकळीने सांगतो की आषाढ-श्रावणात घाटाची सहल ठेवू नका. धबधबा पुढच्या वर्षीही असेल. वर्षावासाचे दिवस विहारातले ग्रंथवाचन, मुलांचे खेळ, शेजारच्या वस्तीतल्या नातलगांची भेट यांत घालवावेत. तीही सुट्टीच आहे.

पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, तर पायावरची जखम झाकावी आणि घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत. कोकणात लेप्टोस्पायरोसिस या पाण्यातूनच होतो. पाण्यात गेल्यानंतर दोन-चार आठवड्यांच्या आत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही दिसले, तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात गेलो होतो’ हे आपण होऊन सांगावे. औषध वेळेत सुरू झाले तर हा आजार बरा होतो. दुकानातून आणलेल्या गोळीने ताप दाबत बसू नये.

लांबचा प्रवास शरीराला काय करतो

येथून नागपूर, बुद्धगया, लुंबिनी ही अंतरे मोठी आहेत. बुद्धगया तर दीड हजार किलोमीटरहून दूर. यात्रेच्या बसमध्ये माणूस दहा-बारा तास गुडघे मुडपून बसतो. पायांतले रक्त साकळते, घोटे सुजतात. कधी पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करावेत. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर प्रवास तिथेच थांबवून डॉक्टर गाठावा.

बायकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. वाटेत शौचालय मिळणार नाही म्हणून आपल्या कितीतरी आया-बहिणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, ताप, चक्कर सुरू होते. गाडी ठरवतानाच ‘दर दोन-तीन तासांनी शौचालय असेल तिथे गाडी थांबेल’ हे चालकाकडून कबूल करून घ्यावे. हे मागणे लाजेचे नाही.

मधुमेहाच्या रुग्णाने जेवणाची वेळ चुकवू नये. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. इन्सुलिन असेल तर तापलेल्या गाडीत सोडू नये. रक्तदाबाची गोळी ‘प्रवासात कशाला’ म्हणून थांबवू नये. टीबीचे औषध सुरू असेल तर एकही दिवस खंड पडता कामा नये, निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगून पुरेशा गोळ्या घ्याव्यात. सगळी औषधे डिकीतल्या पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाटाचा किंवा लांबचा प्रवास करू नये.

कुणी म्हणेल, बाबासाहेब तर प्रकृती खालावलेली असताना नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. ते गेले, कारण ती त्यांनी पत्करलेली जबाबदारी होती. आपण जातो ते विसाव्यासाठी. विसाव्यासाठी आजारी शरीर ओढत नेणे याला श्रद्धा म्हणता येत नाही. आजीला बुद्धगया दाखवायची असेल तर तिचे गुडघे आणि साखर आधी तपासून, थंडीच्या दिवसांत, बसऐवजी रेल्वेच्या झोपायच्या डब्यातून न्यावे.

जवळची सुट्टी : एका दिवसाचा आराखडा

आपल्या भागाला काय कमी आहे? दासगावहून महाडकडे जाताना महामार्गालगतच गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. सुमारे तीस लेणी, जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीची. लोक त्यांना ‘पांडव लेणी’ म्हणतात, पण तिथला शिलालेख स्पष्ट सांगतो की कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, खोल्या आणि पाण्याच्या टाक्या दान दिल्या. भिक्खूंच्या निवाऱ्याशेजारी पिण्याच्या पाण्याची सोय कोरणारे ते लोक होते. मुलांना हे तिथे उभे करून दाखवावे. पुस्तकातला धडा विसरला जातो, हाताने चाचपलेला दगड लक्षात राहतो.

सकाळी लवकर निघून उन्हाआधी लेणी चढावीत. पायऱ्या आहेत, तेव्हा हृदयरोगी आणि गुडघेदुखी असणाऱ्यांनी थांबत थांबत चढावे, किंवा खाली सावलीत बसावे. तिथून महाडला यावे. क्रांतिस्तंभ आणि चवदार तळे शांतपणे पाहावे. २० मार्चला आपण गर्दीत जातो, वंदन करतो, उन्हात तापतो आणि परततो. एरवीच्या दिवशी गेलो तर तळ्याच्या काठावर बसून मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देता येतात. अकरा वाजले की सावली धरावी. दुपारी बारा ते तीन उन्हात फिरू नये. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर वाढते. कुणाला गरगरले, उलटी झाली तर सावलीत निजवून, ओल्या फडक्याने अंग पुसून, शुद्धीत असल्यास पाणी पाजावे. बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सावित्रीकाठच्या सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत. थंडीत तिथे जाण्यात मजा आहे, पण पाण्यात एकदम उतरू नये, आधी हाताने अंदाज घ्यावा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तर पाय बुडवूच नयेत. त्यांना चटका कळत नाही आणि भाजलेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. लहान मुले, गरोदर बाया आणि उघडी जखम असलेले यांनीही लांबच राहावे.

दोन दिवस हाताशी असतील तर मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव, पाहून यावे. दापोलीजवळचे वणंद, माता रमाईंचे माहेर, हेही याच मुलखात आहे. या सगळ्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

एक गोष्ट मात्र पुरुषांना सांगायची आहे. सहल जवळची असली की पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या त्या आईने, मुले सांभाळायची तिने, आणि परतल्यावर भांडी घासायची तीही तिनेच. अशाने सुट्टी सगळ्यांची होते आणि तिची मजुरी दुप्पट होते. सहलीचा डबा आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून करावा. चटणी, भाकरी, उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, केळी एवढे पुरे. नासेल असे ओले, नारळाचे वाटण घातलेले कालवण उन्हात नेऊ नये. घरातली बाई त्या दिवशी निवांत बसली, तरच ती सहल झाली असे आम्ही समजू.

पैशाचाही आरोग्याशी संबंध आहे

समजा, पाच माणसांच्या घराने माणशी बारा हजारांची सहल ठरवली. साठ हजार झाले. हातात दहा आहेत, पन्नास गटातून किंवा सावकाराकडून घेतले. परतल्यावर दोन वर्षे हप्ता जातो. हप्ता भरायचा म्हणून दूध कमी होते, रक्ततपासणी पुढे ढकलली जाते, चष्मा राहतो. चार दिवसांच्या सुट्टीची किंमत अशी ताटातून वसूल होते. कर्ज काढून सहल करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

उलट जवळच्या सहलीला एस.टी. पुरते. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे. ओळखपत्र सोबत ठेवावे. लांबची धम्मयात्रा मनात असेल तर वेगळा डबा करून दोन-तीन वर्षे महिन्याला थोडे टाकावे आणि साठलेल्या पैशातून जावे. वाट पाहून केलेली यात्रा गोड लागते.

लांब जाणे म्हणजे मोठेपणा आणि जवळ जाणे म्हणजे गरिबी, ही समजूत जाहिरातींनी आपल्या डोक्यात भरली आहे. शेजारचा विमानाने गेला म्हणून आपण कर्ज काढावे, ही तृष्णाच. कुठेच न जाता वर्षभर पाळ्या आणि जादा काम करत शरीर झिजवणे हे दुसरे टोक. बुद्धांनी आरोग्याला मोठा लाभ मानले आणि मध्यम मार्ग दाखवला. महिन्यातून एक दिवस जवळ, वर्षातून दोन दिवस थोडे लांब, आणि काही वर्षांतून एकदा तयारीनिशी दूरची यात्रा, असा क्रम बहुतेक घरांना झेपेल.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीपासून पायी किंवा एका एस.टी.ने जाता येतील अशी पाच ठिकाणे कोणती? मुलांना नकाशा काढायला सांगा.
२. आपल्या वस्तीत मधुमेह, रक्तदाब, टीबीचे औषध घेणारे किती आहेत? सहलीला निघताना त्यांच्या औषधांची विचारपूस कोण करील?
३. पावसाळ्यात वाट बंद झाली तर रुग्णाला दवाखान्यात नेण्याची दुसरी वाट कोणती?
४. मागच्या सहलीत घरातल्या बाईला किती वेळ विसावा मिळाला? हे तिलाच विचारा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, खाली १०८ हा क्रमांकही लिहा. सुट्टी असो वा नसो, ते कधीतरी उपयोगी पडेल.

जय भीम!